जुईचे आबाजी

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. आंघोळीला जाणारी, आंघोळीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. प्रवाशांनी आपले कपडे काढून घ्यावेत आणि गर्दी न करता न्हाणीत चढावे."

सकाळी चहा गाळताना भिंतीपलीकडून हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझा अर्धा चहा ओट्यावर गेला. मानेवाड्याच्या आमच्या गल्लीतल्या भिंती अशा, की शेजारी कोणी कूस बदलली तरी कळावं. शेजारच्या घरात उमरेडहून उमाठे नावाचे गृहस्थ राहायला आलेत एवढंच मला ठाऊक होतं. साठी ओलांडलेला माणूस, खांद्यावर दुपट्टा, सोबत दोन-अडीच वर्षांची नात. बायको वारून बरीच वर्षं झालेली. जन्मभर बसस्टँडावरच्या खोलीत बसून त्यांनी काटोल, कुही आणि उमरेडच्या गाड्या पुकारल्या होत्या. आता निवृत्तीनंतर एकच प्रवासी उरली होती, जुई. तिच्यासाठी दिवसभर गाड्या सुटायच्या. जेवणाची सुटायची, केस विंचरायची सुटायची, आणि दुपारच्या झोपेची तर विनाथांबा असायची.

मला आधी वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो. पण ती पोरगी खरंच आपला फ्रॉक आपण काढून न्हाणीच्या दारात उभी राहायची, आणि इकडे माझ्या सईला आंघोळीला नेणं म्हणजे रोजची कुस्ती होती. सई तेव्हा तीन वर्षांची. मी बँकेतून दमून यायचे आणि मोबाइलवर मुलं कशी वाढवावी याचे व्हिडिओ बघत बसायचे. त्यातल्या बाया इतक्या गोड आवाजात बोलतात, की त्यांना कधी मूल चावलं नसावं. शेवटी एका रविवारी मी सईला उचललं आणि सरळ शेजारी गेले.

उमाठे, म्हणजे जुईचे आबाजी, अंगणात पालकाची जुडी सोडून बसले होते. समोर जुई. ती एकेक पान धुऊन चाळणीत टाकत होती आणि पाणी अर्धं पालकावर, अर्धं स्वतःच्या अंगावर घेत होती. मी म्हटलं, "आबाजी, भिजली की हो ती." ते म्हणाले, "भिजणारच ना ताई. पाण्याजवळ बसली त काय कोरडी राहीन?" आणि सईकडे वळून, अगदी कार्यालयीन सुरात, "बरं झालं आल्या. कोथिंबिरीकडे माणूस कमी पडून राहिलं होतं." सई माझा हात सोडून केव्हा बसली ते मला कळलंही नाही.

त्या घरात खेळणी जवळजवळ नव्हतीच. "खेळणं कायले इकत आणाचं? घरात एवढं काम पडलं हाय," असं ते म्हणत. उन्हाळ्यात दोघं मिळून कूलरला पाणी पाजायचे, ती लोट्याने आणि ते बादलीने. वाळवणाला जुई राखणदार. पोळ्या करताना तिला कणकेचा गोळा मिळायचा आणि त्यातून साप, मांजर, आबाजींचा चष्मा असं काहीही व्हायचं. ते सगळं तव्यावर भाजलं जायचं आणि आबाजी ते गंभीरपणे खायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत? एवढ्या वेळात चार माणसांचा स्वयंपाक होईल." ते म्हणाले, "स्वयंपाक लवकर करून मी जाणार कुठी? माहं काम ही पोरगी हाय, स्वयंपाक त तिच्यासंगं होऊन जाते." मला ते ऐकून थोडा रागच आला. नोकरी करणाऱ्या बाईला असं सांगणं सोपं असतं. पण त्या रात्री मी पोळ्या करताना सईला एक गोळा दिला, हेही खरं.

जुईची आई सुषमा ही त्यांची एकुलती एक लेक. जावई वनखात्यात होते. अपघातात गेले तेव्हा जुई वर्षाची होती. त्यांच्या जागी अनुकंपेवर सुषमाला नोकरी मिळाली, ती थेट गडचिरोलीच्या जंगलात. राहायला धड खोली नाही, ड्युटीला वेळकाळ नाही. लेकराला तिथे न्यायचं कसं? म्हणून आबाजींनी उमरेडचं घर बंद केलं आणि दवाखाने जवळ आहेत म्हणून नागपूर गाठलं. क्वार्टर मिळालं की सुषमा जुईला घेऊन जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "पोरगी माह्याजवळ ठेवाले देली हाय, माही नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे. बोलताना मांडीवर जुई झोपलेली असायची.

आई कुठे आहे याबद्दल ते जुईशी कधी खोटं बोलले नाहीत. गल्लीतल्या बायांना भारी हौस. कोणी म्हणायचं आई खाऊ आणायला गेली, कोणी म्हणायचं आता येईलच हं. आबाजी मध्येच थांबवायचे. "आई जंगलात झाडं राखाले गेली. आज येत नाही. दिवाळीले येते." पोरगी ऐकून घ्यायची आणि पुन्हा खेळायला लागायची. रोज संध्याकाळी फोनवर सुषमा दिसायची. आबाजी फोन जुईपुढे धरायचे. "पाह्य, आई." जुई पापी द्यायची, ओला ठसा काचेवर उमटायचा, आणि फोन बंद व्हायचा.

दिवाळीत सुषमा आली. सडसडीत, उन्हानं रापलेली, हातात कपड्यांची पिशवी. आम्ही सगळ्या कौतुकानं जमलो होतो, मीही होतेच. जुईला आम्ही मागून ढकलत होतो. जा ना गं, आई आली बघ तुझी, जा, पापी दे. सुषमा गुडघ्यावर बसून हात पसरून म्हणत होती, "ओळखलं का मले? कोण हाय मी?" जुईनं तिच्याकडे पाहिलं, मग आबाजींकडे, आणि फडताळावरच्या फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "आई तेच्यात हाय." सुषमानं तिला उचललं मात्र, पोरीनं असा टाहो फोडला की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली. लाथा, ओरखडे, काही बाकी ठेवलं नाही. पुढचे सगळे दिवस ती आबाजींच्या धोतराला चिकटून होती आणि सुषमा दिसली की तोंड लपवत होती. रजा शिल्लक असताना सुषमा परत गेली. जाताना बापाला म्हणाली, "राहू द्या तिले तुमच्याचजवळ. मी पैसे पाठवत जाईन."

गल्लीत सगळ्यांना वाटलं, झालं ते बरंच झालं. पोरगी सुखात आहे, म्हाताऱ्याला आधार आहे. मीही तसंच बोलून बसले. आबाजी माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. "बरं कायचं ताई? माह्या मागं तिले कोण हाय? अन् सुषमाचं काय? नवरा गेला, आता लेकरूबी गेलं म्हणाचं का तिनं?" मग जरा शांत होऊन म्हणाले, "माहंच चुकलं. मी तिले आई रोज दाखवली. देली नाही."

सुषमाला क्वार्टर मिळायला अजून जेमतेम वर्ष होतं, आणि तेवढ्यात पोरीला आई परत मिळायला हवी होती. आबाजींनी त्याचा जो नाद घेतला, तो मी भिंतीअलीकडून रोज ऐकला. पहिलं त्यांनी लेकीलाच झापलं. "मले ओळखलं का, माही आठवण येते का, असं इचाराचं नाही वं सुषमे. तू परीक्षा घेऊन राहिली तिची. लेकरू परीक्षेले भेते." पापी मागणंही बंद. त्याऐवजी फोन परातीजवळ डब्याला टेकवून ठेवायचा. तिकडे सुषमा भाकरी थापायची, इकडे हे दोघं कणीक मळायचे. कोणी कोणाकडे बघायचंच असं नाही. पहिले कित्येक दिवस नुसता भांड्यांचा आवाज. मग सुषमानं एकदा आपल्याशीच बोलावं तसं म्हटलं, "पीठ सैल झालं वाटते माहं." आणि इकडून जुई म्हणाली, "मंग कोरडं टाक ना."

तिथून जी सुरुवात झाली ती झाली. जुई आईला हुकूम सोडायला लागली. मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं, भाकर कधी उलटायची, सगळं ही साडेतीन वर्षांची बाई सांगायची. सुषमा गडचिरोलीत बसून निमूट ऐकायची. एकदा सुषमाची भाकर करपली तर जुई इतकी हसली की तिला उचकी लागली. आबाजी मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. उन्हाळ्यात जंगलात वणवे, म्हणून सुषमाला रजा नाही. पावसात रस्ते बंद. पण संध्याकाळची परात चुकली नाही. रेंज गेली तर जुईच आबाजींवर खेकसायची, "आई एकटी काय करन आता?"

पोळ्याच्या आधी सुषमाचा निरोप आला, क्वार्टर मिळालं. पोळ्याला येते, घेऊन जाते. मला धडकीच भरली. पुन्हा ती ओढाताण, पुन्हा तो टाहो. आबाजी मात्र माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, एक काम हाय. सुषमा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुमच्या घरी उतरन. माह्या घरी नाही." मला कळेना. ते म्हणाले, "दिवाळीले आपण पोरीले उचलून आईच्या अंगावर टाकलं. लेकराले असं कोणाच्या अंगावर टाकाचं नसते. यावेळी ते आपल्या पायानं जाईन. तान्ह्या पोळ्याले साऱ्या घरी जाते, तुमच्याबी येते. बोजारा सुषमाले देऊ द्या."

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल पोरांचे असतात. चाकावरचे लाकडी नंदी सजवून पोरं दारोदार जातात, घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, खाऊ किंवा चार नाणी. जुईचा नंदी आबाजींनी तिच्याकडूनच रंगवून घेतला होता, त्यामुळे त्याचं एक शिंग निळं होतं आणि पाठीवर तिच्या हाताचा ठसा होता. कोणी हसलं तर आबाजी म्हणायचे, "बैल तिचा, रंग तिचा. तुमाले काय करा लागते?"

सुषमा पहाटेच आमच्याकडे आली. भिंतीपलीकडे जुईचा आवाज येत होता आणि ही माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. "वहिनी, ती पुन्हा रडली त मी नाही नेणार तिले," एवढंच ती म्हणाली. मी तिच्या हातात कुंकवाचं ताट दिलं.

दुपारी पोरांचा घोळका गल्लीत शिरला. आबाजी मुद्दाम मागे, आपल्या दारापुढच्या कडुनिंबाखाली थांबले होते. दोन पोरं बोजारा घेऊन पळाली, आणि मग जुई आपला नंदी ओढत आमच्या पायरीशी आली. सुषमा खाली बसली. सांगितल्याप्रमाणे तिनं एक शब्द काढला नाही, की हात पसरले नाहीत. नंदीला कुंकू लावलं, ते नंदीच्या डोळ्यात गेलं. जुईनं ते बोटानं पुसलं. मग तिनं मान वर करून सुषमाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"तुह्या भाकरी झाल्या?" जुईनं विचारलं.

सुषमा म्हणाली, "नाही. आज पीठच नाही माह्याजवळ."

"चाल मंग," जुई म्हणाली. "आमच्या घरी हाय." एका हातात नंदीची दोरी आणि दुसऱ्या हातात आईचं बोट धरून ती निघाली. आबाजींच्या अगदी समोरून गेली, आणि त्यांच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ते कडुनिंबाला टेकले आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडले. मीही माझ्या दारात रडत होते, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

सुषमा पुढे आठवडाभर राहिली. तिघांनी मिळून भांडी, कपडे, जुईचं सामान बांधलं. जुई कोणत्या डब्यात काय जाईल ते सांगत होती आणि आई-आबाजी ऐकत होते. जायच्या दिवशी सुषमाच्या ओळखीच्या एकाची जीप आली. जुई पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसली आणि लगेच जीपवाल्याला विचारायला लागली, जंगलात माकडं आहेत का, ती काय खातात. आबाजींनी खिडकीतून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती 'हो' म्हणाली, कशाला ते तिलाच माहीत, आणि पुन्हा माकडांकडे वळली. जीप वळणावरून दिसेनाशी झाली.

मला त्या पोरीचा असा राग आला की विचारू नका. एवढं केलं या माणसानं, तिच्या तापात रात्ररात्र जागला, कणकेचे साप खाल्ले. मी म्हटलं, "आबाजी, एकदा मागं वळून तरी पाहायचं की नाही तिनं?"

ते रस्त्याकडेच बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

"काहून पाहाचं ताई? तिची आई तिच्याजवळ हाय," ते म्हणाले. "जीव माहा तुटून राहिला, तो तुटू द्या. तिचा नाही तुटला. मले एवढंच पाह्यजे होतं."