दोन्हीकडचे बाटगे

माझ्या आईने शिजवलेलं अन्न माझ्या वडिलांच्या गावच्या घरी एकदाच गेलं, आणि तसंच परत आलं.

वडील जूचंद्रच्या बाजूच्या, खाडीकाठच्या एका गावातले. घरची भातशेती. आई सांडोरची, केळीच्या वाडीत वाढलेली ख्रिस्ती मुलगी. वसईतल्या एका कारखान्याच्या कचेरीत दोघं कामाला होते, तिथेच जमलं. लग्न रजिस्टर झालं, धर्म कुणीच बदलला नाही, आणि लग्नाला दोन्ही घरांतलं कुणी आलं नाही. पुढे स्टेशनजवळ दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला, त्यात मी वाढले. होळी-गणपतीला वडील मला घेऊन गावी जात, आई मागे राही. रविवारी आई मला देवळात नेई, वडील मागे राहत. आमच्या वसईत चर्चलाही देऊळच म्हणतात. मला दोन्हीकडे चांगलं वागवत, म्हणजे पाहुणीसारखं.

नव्वदनंतरची गोष्ट, मी नववीत होते. गावचे आजोबा गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून नातलग जेवण घेऊन येतात. आईने पहाटे उठून भात, वरण आणि वालाचं बिरडं केलं. वडील म्हणाले, "राहू दे, कशाला?" ती म्हणाली, "सासरे होते माझे." रिक्षात मांडीवर टोप धरून ती बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला झाकण दाबत होती.

अंगणात माझे काका, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, लोकांबरोबर बसले होते. ते उठून फाटकाशी आले. आईकडे न बघता वडिलांना म्हणाले, "तू ये आत. पोरगी येऊ दे. बाटलेलं अन्न मयताच्या घरात नको."

वडील आत गेले. मी आईजवळ थांबले. आई फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिली. मग आम्ही दोघी रिक्षाने परत आलो. ते बिरडं आम्ही त्या दिवशी खाल्लं आणि दुसऱ्या दिवशीही खाल्लं, कारण आई अन्न टाकत नसे. वडील रात्री आले, त्यांनीही खाल्लं.

माझे वडील एरवी खूप बोलत. मी जातधर्म मानत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! कचेरीत, बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये, माझ्या मैत्रिणींसमोर. त्या दिवशी फाटकात ते वाक्य त्यांना सुचलं नाही.

पुढे मी नोकरीला लागले आणि माझ्यासाठी वडिलांच्या समाजातलं एक स्थळ आलं. मुलगा विरारचा. आई ख्रिस्ती आहे हे त्यांना आधीच सांगितलं होतं. मुलाच्या आईचं म्हणणं एवढंच होतं की लग्न गावच्या घरातून व्हावं आणि काकांनी वडीलधारे म्हणून उभं राहावं. मला ते रास्त वाटलं. मुलगाही मला आवडला होता. ती माणसं काकांना भेटायला गेली आणि परत आमच्याकडे आलीच नाहीत. आठवडाभराने मुलाचा फोन आला. "तुझे काका म्हणाले, ती मुलगी आमच्यात धरलेली नाही," तो म्हणाला. "आईला आता काही समजावता येत नाही." त्याने समजावलं असेल असं मला वाटत नाही.

रविवारी दुपारी मी एकटीच गावी गेले. काका बाहेर गेले होते. मागच्या पडवीत आत्याआजी सुके बोंबील निवडत बसली होती. ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडे परत आलेली, आता ऐंशीच्या आसपासची. घरात तिला फार कुणी विचारत नसे. मी का आले ते तिला सांगितलं. ती बराच वेळ बोंबलांची डोकी मोडत राहिली.

"बाटगी म्हनतो तुझ्या आईला?" ती म्हणाली. "मंग मी कोन?"

मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलतेय.

"मी लहान व्हती. आमी सगली देवलात जायचो, तुझ्या आईच्या देवलात. माझी आई, बाबा, आजी, सगली. मंग एक दिस मोठी मानसं आली. आमाला रांगेत बसवला, आंगावर पानी शिंपडला, नवी नावा ठेवली. घरी आल्यावर आजी रडत व्हती. बाबा म्हनले, आता आपून हिंदू."

"मग चांगलं झालं का?"

"कसला चांगला? गावातली पंगतीत घेत नव्हती. आमी वेगली बसायचो, उकिरड्याच्या बाजूला. आमच्या पोरी कोनी करत नव्हता. मना दिला ती बिजवराला, खोकनाऱ्या मानसाला. का, तर दुसरा कोन घेनार? आनि देवलातली लोका रस्त्यात तोंड फिरवायची."

तिने मला तिचं पहिलं नाव सांगितलं, जन्मल्यावर देवळात ठेवलेलं. ते मी इथे लिहीत नाही. सत्तरेक वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं, तरी ते सांगताना ती अडखळली नाही.

एवढ्यात काका आले. मी उठून उभी राहिले. आत्याआजीने सांगितलं ते एका दमात त्यांना सांगितलं आणि म्हणाले, "आता बोला, बाटलेलं अन्न कुणाचं?"

मला वाटलं होतं ते चिडतील, खोटं आहे म्हणतील. त्यांनी आत्याआजीकडे बघितलं. ती म्हणाली, "मीच सांगितला. मेल्यावर सांगू काय?"

काका खाटेवर बसले. "मला म्हायती हाय," ते शांतपणे म्हणाले. "म्हनूनच."

"म्हणूनच काय?"

"माझ्या बापाला लग्नात वेगला बसवायचे. तो भरल्या पंगतीतून उठून आलेला मी बघितलाय. आमाला गावात बरोबरीने बसवायला त्याचा जन्म गेला. आता कुठं लोकं विसरली. तुझ्या आईला मी घरात घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी गाव बोलला असता, बघा, शेवटी आपल्या जातीवर गेली. तुझी आई वाईट नाय. पन मी तिच्यासाठी परत उकिरड्याजवल बसनार नाय."

त्यांचा राग करायला मी गेले होते आणि तो राग मला नीट करताही येईना, याचाच मला जास्त राग आला. मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. ज्या माणसाने ख्रिस्ती बाईशी लग्न केलं, तो माणूस म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस. ऑफिसात तर अजिबात नको."

"का?"

"उगाच. लोक काय म्हणतील?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसेना. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली. "माझ्या आईने सांगितलं होतं. ती काय म्हणाली ठाऊक आहे? हिंदू असता तर एक वेळ विचार केला असता. पण हे उलटलेले. देवाला सोडून गेलेल्यांच्या घरात मुलगी देणार नाही."

"मग त्या दिवशी, फाटकात, तू काकांना का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ह्यांना गाव उरलं नसतं," ती म्हणाली आणि आत वळली. वडील पेपर घेऊन बसले. पेपर वाचत नव्हते.

दोनेक वर्षांनी आत्याआजी गेली. वडील अंत्यविधीला जाऊन आले. आमच्या लक्षात राहिलं होतं ते तिचं एक मागणं. काकांशी बोलणं झालं त्या दुपारी मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली होती, "मी मेल्यावर तुझ्या आईला सांग, देवलात माझा पयला नाव घ्यायला. एकदाच."

आईच्या माहेरी दर वर्षी आजी-आजोबांच्या नावाने मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, असते. आजी गेल्यावर माझ्या मामाने आईशी बोलणं सुरू केलं होतं आणि मिस्सेला आम्ही दोघी जाऊ लागलो होतो. आईने ठरवलं, त्याच मिस्सेत आत्याआजीचंही नाव घालायचं. आम्ही सांडोरला मामाकडे गेलो. मामाने ऐकून घेतलं. वाडीतून आणलेले केळीचे घड ओट्यावर पडले होते, त्यांवर तो पाणी मारत होता.

"आईबाबांच्या मिस्सेत ते नाव नको," तो म्हणाला.

"ती लहान होती रे," आई म्हणाली. "तिला कुणी विचारलं नव्हतं."

"पुढे मोठी झाली ना? परत आली का?"

"परत आली असती तर तुम्ही घेतलं असतं?"

मामा घडांवर पाणी मारत राहिला. मामीने आम्हाला केळी बांधून दिली. रिक्षात आई म्हणाली, "आपण वेगळी मिस्सा सांगू." पण तिने ती सांगितली नाही. फादरांनी नाही म्हटलं नसतं, असं मला आजही वाटतं. पण मिस्सेत नाव मोठ्याने वाचतात, आणि नाव ऐकलं की मागच्या बाकावरचे लोक विचारतात, ही कुणाची कोण? पंचवीस वर्षं आईने हेच प्रश्न ऐकले होते. तिच्यात आता ते पुन्हा ऐकण्याची ताकद नव्हती.

एका रविवारी संध्याकाळी आई आणि मी घरातच सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीसमोर बसलो. आईने रोझरीची प्रार्थना म्हटली. मला अर्धीच येत होती, मी तिच्यामागून म्हणत गेले. शेवटी तिने आत्याआजीचं पहिलं नाव घेतलं. हळू घेतलं, पण आमच्या भिंती पातळ होत्या. शेजाऱ्यांचा टीव्ही आम्हाला ऐकू यायचा, म्हणजे आमचंही त्यांना ऐकू जात असणार.

वडील खुर्चीत बसून होते. ते उठले, गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं.