आत्याच्या खोलीत आणून ठेवलेलं दुःख

ऑफिसात त्याला सगळे हुंदके म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं, ती स्वकष्टार्जित पदवी होती.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत त्याच्याकडे एकच काम होतं, गेममधल्या रिकाम्या घरांत सामान मांडण्याचं. खेळणारा त्या घरात शिरतो, कपाटं उघडतो, खण ओढतो आणि इथे कोण राहत होतं, त्याचं काय झालं, हे स्वतःच ताडतो. माणूस कुठेच दिसत नाही. त्याच्या वतीने चष्मा बोलतो, चपला बोलतात, कानतुटका कप बोलतो. काम खरं तर फार सुंदर. दुर्दैव एवढंच की ते हुंदकेच्या हाती पडलं होतं.

हुंदकेच्या घरांमधली सगळी माणसं दुःख एकाच दुकानातून आणत. एका डोळ्याचं टेडी अस्वल. पलंगाखाली लहान मुलाचा एकच बूट. बंद पडलेलं घड्याळ. ‘प्रिय बाळा, मला क्षमा’ इथपर्यंत येऊन थांबलेलं पत्र. घर शिंप्याचं असो की दंतवैद्याचं, बूट तोच आणि तोही डाव्या पायाचा. दंतवैद्याच्या घरात दात घासायचा ब्रश ठेवायचा राहून गेला होता, अस्वल मात्र वेळेवर पोचलं होतं.

शेवटी टीमच्या प्रमुख बाईंनी त्याला समोर बसवलं.

“चार घरं झाली, चार अस्वलं झाली. या गावात अस्वलांची साथ आली होती का हो?”

“मॅडम, ते प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“हरवलेपणाचं.”

“बूट हरवलाय ते दिसतंय मला. हे बघा, पाचवं घर एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं आहे. एखादं खरं घर बघून या, त्याचे फोटो काढा आणि त्यावरून करा. नाहीतर पुढची घरं मी दुसऱ्या कुणाला तरी देते.”

हुंदकेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरं घर शोधायला त्याला लांब जावं लागणार नव्हतं. त्याच्या आत्याच्या खोलीची किल्ली सध्या त्याच्याच खिशात होती.

आत्याने एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. समोर शेकडो भोकं, हातात तारा, आणि कुठली तार कुठे खुपसायची ते बोटांना पाठ. पुढे काचबिंदूने नजर खाल्ली. आता तिला किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढंच दिसे. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणि चिमुकल्या स्वयंपाकघरात ती एकटी राहत होती, कारण बोटं अजून नोकरीवर होती.

पण आठ दिवसांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली, मनगट दुखावलं, दवाखान्यात राहावं लागलं, आणि मुलाने फोनवरून धोशा लावला, “आई, आता बस झालं. माझ्याकडे ये.” बरीच वादावादी होऊन असं ठरलं की दवाखान्याची नर्स घरी येऊन बघेल. एकटीने राहणं जमण्यासारखं आहे असं तिने लिहून दिलं, तर आत्या राहील. नाही म्हटलं, तर सामान बांधायचं आणि मुलाकडे जायचं.

“माझ्या खोलीत मी माणूस आहे,” आत्या दवाखान्यातल्या खाटेवरून हुंदकेला म्हणाली होती. “त्याच्याकडे सोफ्यावरची उशी होईन. कुणीतरी उचलून इकडची तिकडे ठेवायची. तू खिडक्या उघड, झाडून घे, पाणी भर. आणि कशालाही हात लावू नकोस. तुला ती खोड आहे.”

हुंदकेने खिडक्या उघडल्या. मग खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने एक मोठा उसासा टाकला. खोलीत काहीच गोष्ट नव्हती!

खोलीत काय होतं, ते ऐका. पलंगाच्या दांड्यापासून न्हाणीघराच्या कडीपर्यंत कंबरेच्या उंचीवर सुतळी ताणलेली होती, आणि दाराच्या आधी दोन पावलांवर तिला गाठ होती. फळीवर डबे होते. साखरेच्या झाकणावर काडेपेटीची एक काडी चिकटवलेली, मिठाच्या झाकणावर दोन. गॅसच्या बटणावर शर्टाचं बटण शिवल्यासारखं घट्ट डकवलेलं होतं. उशाशी औषधाच्या गोळ्यांच्या दोन सारख्याच बाटल्या. सकाळच्या बाटलीला एक रबर, संध्याकाळच्या बाटलीला दोन. उभं आयुष्य त्या खोलीत घसा फोडून ओरडत होतं. आणि सामानावरून माणूस ओळखण्याचा पगार घेणाऱ्या या पंडिताने मोबाईलवर टिपण केलं, ‘म्हातारपणी लोक रबरं आणि सुतळी साठवतात. चिकटपणा.’

मग त्याने ऑफिसातून, फोटो काढायला ठेवलेल्या खऱ्या वस्तूंची पिशवी भरून आणली. खोलीला गोष्ट नसेल, तर आपण देऊ. सुतळी सोडून गुंडाळी केली. काड्या नखाने खरवडल्या. बाटल्या गबाळ्या दिसतात म्हणून रबरं काढून कचऱ्यात टाकली आणि तो कचरा प्रामाणिकपणे खाली नेऊन टाकला. हातून झालेलं तेवढंच काय ते घरकाम. डबे उंचीप्रमाणे लावले. ओट्यावर अस्वल बसवलं, पलंगाखाली बूट ठेवला, टेबलावर पत्र ठेवलं, घड्याळाचा सेल काढून काटे चार वीसवर आणले. वास्तविक आत्याला एकच मुलगा, आणि तो चांगला नव्वद किलोचा, सुखरूप होता. पण वस्तुस्थितीने हुंदकेला आजवर कधी अडवलं नव्हतं.

सोमवारी आत्या येणार, तोवर सगळं होतं तसं ठेवू, असा त्याचा हिशेब होता. दवाखान्याला खाट हवी होती. त्यांनी आत्याला शनिवारी दुपारीच सोडलं.

दार ढकलून नर्सबाई आणि आत्या आत आल्या तेव्हा हुंदके स्टुलावर चढून चाळणीने फळीवर पीठ भुरभुरवत होता. फोटोत धूळ चांगली दिसावी म्हणून.

“कोण, तू का रे?” आत्या म्हणाली.

“हो आत्या. आवरत होतो.”

नर्सबाई ठाण मांडून काम करणाऱ्यांपैकी होत्या. फाइल उघडून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. घड्याळाशी थांबल्या. वाकून पलंगाखाली बघितलं. पत्र वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हुंदकेला बाजूला घेऊन त्यांनी आवाज उतरवला. “आजींचं एखादं मूल लहानपणी गेलं होतं का हो?”

इथे कुठल्याही माणसाने जीभ चावली असती. हुंदकेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर खेळणारे त्याच्या घरांतून पंधरा सेकंदांत धावत जात. खोली नीट वाचणारं कुणीतरी जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं!

“तुम्हाला असं का वाटलं?” त्याने विचारलं, तेही उत्सुकतेने.

“तो बूट बघून.”

“आणि घड्याळ?”

“चार वीस. तीच वेळ असणार.” नर्सबाईंनी डोळ्याची कड पुसली आणि लिहायला घेतलं. “भूतकाळात अडकल्या आहेत हो बिचाऱ्या. घरभर धूळ आहे, ती दिसत नाही त्यांना. एकटीला ठेवणं बरोबर नाही.”

तिकडे आत्याचा हात कंबरेच्या उंचीवर हवेत सुतळी शोधत होता. सुतळी मिळेना, तशी ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर हात ठेवते तो काय!

“अगं बाई! केसाळ काय आहे हे? मांजर शिरलंय का घरात?”

नर्सबाईंनी तेही लिहिलं.

आत्याने एक डबा उचलला, झाकणावरून बोट फिरवलं. दुसरा उचलला. तिसरा. मग ती दोन्ही हात ओट्यावर टेकून उभी राहिली. सबंध हॉस्पिटलचे फोन न अडखळता जोडलेला तिचा आवाज बारीक झाला.

“इथेच होतं सगळं. आठ दिवसांत माझंच डोकं गेलं की काय?”

हुंदकेच्या लक्षात आता कुठे आलं की इथे बटण दाबून मागे जाता येत नाही. खरं सांगावं, तर कौतुक जाणार. न सांगावं, तर आत्या जाणार. या दोहोंत त्याला निवड करावी लागली, आणि लाज अशी की त्याला वेळ लागला.

“आत्या, ते मांजर नाही. अस्वल आहे. माझं आहे.”

नर्सबाईंनी त्या चाळिशीच्या गृहस्थाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमचं?”

“म्हणजे ऑफिसचं. ही खोली मी मांडली आहे. बूट, पत्र, घड्याळ, सगळं माझं. धूळसुद्धा. ते पीठ आहे.”

“आत्याला सांभाळून घेताय, चांगलं आहे. पण असं खोटं बोलून त्यांचं भलं होणार नाही.”

“खरंच सांगतोय हो!”

“मग खोली आधी कशी होती त्याचा फोटो दाखवा.”

हुंदकेने मोबाईल काढला. दोनशे अकरा फोटो होते. प्रत्येकात अस्वल होतं. आधीचा एकही नव्हता. ज्या खोलीत गोष्टच नाही, तिचा फोटो कोण काढणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; याच्याकडे बैलही नव्हता, अस्वल होतं.

आत्याने मात्र सगळं ऐकलं होतं. चाचपडत खुर्ची ओढून ती ताठ बसली. आवाज परत बोर्डावरचा झाला.

“बाई, लिहिणं जरा थांबवा. आणि तू, शहाण्या, मी सांगते तसं ठेव. साखर वरच्या फळीवर, डावीकडून दुसरी. मीठ उजव्या टोकाला. त्यांच्यामध्ये चार डबे, चहापत्ती त्यातला तिसरा. सुतळी दांड्याला बांध, कडीपर्यंत ने. ढिली नको. गाठ दारापासून दोन पावलांवर. तुझी नाही, माझी पावलं.”

“आत्या, काड्या...”

“काड्या चिकटव. आणि ते पीठ पूस. दळणाचं आहे ते, तुझ्या कलेचं नाही.”

तासाभराने आत्या उठली. सुतळीला बोट लावून न्हाणीघरात गेली, आली. गॅस पेटवला, चहा केला, तीन कप भरले, एक थेंब सांडला नाही. नर्सबाई पेनाचं टोक गालावर टेकून बघत राहिल्या. मग त्यांनी उशाजवळच्या दोन्ही बाटल्या आत्याच्या हातात दिल्या. “आजी, यातली सकाळची कुठली?”

आत्याने एका बाटलीच्या मानेवरून बोट फिरवलं, मग दुसरीच्या. दोन्ही गुळगुळीत. हुंदकेने खाली मान घातली. कचरा केव्हाच गेला होता.

दोनातली एक ओळखायची होती. कुठलीही एक पुढे केली असती, तरी चाललं असतं कदाचित.

“नाही सांगता येत,” आत्या म्हणाली. “रबर नाही, तर दोन्ही मला सारख्याच. आणि औषधात मी अंदाज करत नाही. शेजारणीला हाक मारीन, वाचून घेईन, तोवर गोळी घेणार नाही. याबद्दल नापास करायचं तर करा.”

नर्सबाईंनी फाइल मांडीवर घेतली. आधीचं सगळं पान आडव्या रेघेने खोडलं आणि खाली एकच ओळ लिहून मोठ्याने वाचली, “‘जे कळत नाही ते कळत नाही म्हणतात. एकट्या राहू शकतात.’ आजी, एवढं कबूल करणारं माणूस माझ्या फेरीत फार कमी भेटतं.”

आत्याने चहाचा एक लांब घोट घेतला. मग हुंदकेच्या दिशेने तळहात पसरला. “किल्ली.”

त्याने किल्ली दिली, आपलं दुःख पिशवीत भरलं आणि तो नर्सबाईंच्या मागोमाग बाहेर पडला. जिन्यात त्याला राहवेना.

“मॅडम, एक विचारू? तो बूट बघून तुम्हाला खरंच वाटलं ना, मूल गेलं असावं असं?”

नर्सबाई वळल्या. “वाटलं. म्हणून तर तुमच्यापायी एका धडधाकट बाईला मी तिच्या घरातून बाहेर काढणार होते.”

त्यातलं ‘वाटलं’ एवढंच हुंदकेला ऐकू आलं. पिशवी छातीशी धरून तो दोन दोन पायऱ्या उतरत गेला.