दगडाचा आवाज

शेवाळाचा वास आला की गडमुडशिंगीचे मामा आठवतात. एका सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो. त्या विहिरीच्या प्रसंगाआदल्या संध्याकाळी आम्ही केबलवर मेक्सिकोतलं अकापुल्को पाहिलं होतं. तिथं कड्यावरून सूर मारणारे आधी खाली बघत थांबतात, कारण लाट आत आल्याशिवाय पुरेसं पाणीच नसतं. "भित्री हाईत," म्हणत मामा सकाळी सामायिक विहिरीच्या मोटारखोलीवर चढले. "आधी पाणी बघा की वो," मामी ओरडल्या. "ल्हानपणापासनं उड्या मारतोय, बघायचं काय?" खाली न बघताच मामांनी हात वर केले. मामींनी विहिरीत दगड टाकला. तो खडकावर आपटला. भावकीच्या पाळीत रात्रभर मोटार चालून विहीर उपसली गेली होती. मामा खाली उतरले. आता विहिरीवर जाळी आहे. तरी गेलो की मी एक खडा टाकतो आणि आवाज येईपर्यंत हलत नाही.