खोक्यातले प्राणी आपापल्या घरी गेले

माझी नणंद बालवर्गाला शिकवते आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, म्हणजे घरी सुटका नाही आणि शाळेतही नाही. तिच्या उंचीमुळे पोरं तिला जिराफबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि वर त्याचा अभिमानही आहे.

कोणता प्राणी जगाच्या कुठल्या भागात राहतो, हे ती कापडी प्राण्यांवरून शिकवते. प्राणी ती स्वतः शिवते आणि कापड आमच्या घरातून येतं. माझ्या नवऱ्याची करडी पँट एका रविवारी दोरीवरून नाहीशी झाली आणि सोमवारी हत्ती होऊन वर्गात उभी राहिली. पांढरा टॉवेल गेला, त्याचं ध्रुवीय अस्वल झालं. "ताई, निदान विचारत तरी जा," मी म्हटलं, तर म्हणते, "विचारलं असतं तर दिलं असतंस?" नसतं दिलं. बोलायची सोयच ठेवत नाही.

पण वर्गात ती उभी राहिली की बघत राहावं. "उंटाचे पाय असे पसरट का?" ती विचारते, आणि पोरं पाय फाकवून वाळूतून चालल्यासारखी चालतात. "पेंग्विन आणि पांढरं अस्वल कधी भेटतात का?" "नाऽऽही!" सगळी एका सुरात ओरडतात. "का नाही?" "एक पार वर राहतं, एक पार खाली!" ऑफिसात बसून मलाही हे पाठ झालंय.

या सगळ्याला दृष्ट लागावी तशी बातमी आली. संस्था मोठा पडदा घेणार होती, आणि तो लावायला ताईचाच वर्ग चिटणीससाहेबांच्या मनात भरला होता. पोरांना प्राणी पडद्यावर दिसतील, मग या चिंध्या कशाला? ताईला निवृत्त होईपर्यंत तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये खडू-डस्टर वाटायला बसवायचं घाटत होतं. मोठ्या बाईंनी रदबदली केली, तेव्हा साहेब म्हणाले, "शुक्रवारी येऊन धडा बघतो. मग ठरवू."

घरी जेवताना ताई एवढंच म्हणाली, "खडू काय गं, खडू कोणीही वाटेल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आयुष्यभर तिच्याशी भांडत आले, पण त्या दिवशी मला चिटणिसांचा असा राग आला की पुसू नका.

शुक्रवारी साहेब आले. पँटला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही तीच. मोठ्या बाई आणि मी मागे उभ्या. ताईनं खोकं टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खोकं रिकामं होतं.

"प्राणी कुठे गेले?" तिनं विचारलं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचं तोंड कधी बंद नसतं, म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात.

"बाई, अस्वल उंटाखाली दबलं होतं. त्याला उकडत होतं. म्हणून आम्ही काल सगळ्यांना पोचवलं."

"कुठे पोचवलं?"

"जिकडे ते राहतात तिकडे!"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, संपलं सगळं. पण आमची ताई म्हणजे आलं अंगावर तर घेतलं शिंगावर. ती म्हणाली, "साहेब, आजचा धडा चालत चालत होईल. चला."

आणि निघाली वरात. उंट बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सापडला. मगर बागेतल्या हौदाच्या काठावर, अर्धी पाण्यात आणि अर्धी बाहेर. "तिला ऊन खायचं असतं ना," टकळीनं साहेबांना समजावलं. माकड झाडाच्या फांदीत अडकवलेलं होतं. ते इतक्या वर कसं पोचलं हे मोठ्या बाईंनी विचारलं नाही, मीही नाही. ध्रुवीय अस्वल शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात लाकडासारखं कडक होऊन बसलं होतं, आणि स्वयंपाकीण शपथेवर सांगत होती की हा टॉवेल तिचा नव्हे.

"आणि पेंग्विन?" साहेबांनी फ्रिजमध्ये डोकं घालून विचारलं.

पोरांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तो या फ्रिजमध्ये कसा असेल? तो दुसऱ्या टोकाला राहतो!"

पेंग्विन गावाच्या दुसऱ्या टोकाला, टकळीच्या घरच्या फ्रिजमध्ये होता. "आई ओरडली," ती म्हणाली, "पण मी नाही काढू दिला." साहेब हसले. खरंच हसले, दात दिसले. पुढे तर तेच सगळ्यांच्या आधी पळायला लागले. हत्तीसाठी त्यांनी अख्खं आवार पालथं घातलं आणि हत्ती त्यांच्याच गाडीमागे झाडाखाली उभा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

शेवटी राहिलं वटवाघूळ. पोरं सगळ्यांना तळमजल्यावर घेऊन गेली आणि त्यांनी स्टोअररूमचं दार ढकललं. आत काळोख, मोडक्या बाकांचा ढीग, दमट कागदांचा वास. वटवाघूळ खिळ्याला उलटं टांगलं होतं.

"वा!" साहेब भलत्याच खुशीत म्हणाले. "याला आता सोबत मिळणार. सोमवारपासून तुमच्या बाई इथेच बसणार आहेत."

बोलून त्यांनी जीभ चावली. म्हणजे धडा बघायच्या आधीच सगळं ठरलेलं होतं. मी काही बोलणार, एवढ्यात टकळी आत गेली आणि तिनं खोली नीट पाहिली, छतापासून कोपऱ्यापर्यंत.

"बाई इथे नाही जगणार," ती म्हणाली.

"का गं?" साहेबांनी विचारलं.

"हे वटवाघळाला बरं आहे. बाईंना मुलं लागतात. इथे मुलं कुठेत?"

ताईनं तोंड फिरवलं. साहेबांनी एकदा त्या काळोखाकडे पाहिलं आणि मोठ्या बाईंना म्हटलं, "पडदा हॉलमध्ये लावा. बालवर्ग आहे तिथेच राहू दे, आणि आहे तसाच." मी आनंदाच्या भरात नणंदेचा हात इतका दाबला की ती ओरडली, "अगं, मोडशील!"

वर्गात परतल्यावर ताईनं टाळी वाजवली. "हं, आता उद्या मी देवमासा शिवणार आहे. त्याला कुठे पोचवायचं?"

"गच्चीवरच्या टाकीत!" दारातून आवाज आला. साहेब अजून गेले नव्हते.

"नाऽऽही!" वर्ग कडाडला. "ते गोडं पाणी आहे!"

साहेब आत आले आणि टकळीशेजारी त्या इवल्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. "मग कुठे पोचवायचं?"

"आधी हात वर करायचा," ताई म्हणाली, "मग बोलायचं."

साहेबांनी हात वर केला.