एकदाच विचारायचं

टेलिफोनच्या नियंत्रण कक्षात मी तीन वर्षं अहवाल लिहीत होते. साहित्यात एम. ए. झालेल्या मुलीला तिथे कुणी घेतलं, ते मला अजून कळलेलं नाही. कक्षातले सगळे ज्यांना काका म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कविता करतेस?"

"नाही."

"मग बस."

तरी पुढे मला कविराजच म्हणत राहिले.

काकांचं काम सांगायला सोपं होतं. अठ्ठावीस एक्स्चेंजं. कुठे किती फोन लागले, किती तुटले, कुठली लाइन बंद, हे प्रत्येक यंत्राला विचारलं की ते सांगायचं. दुरुस्तीवाल्यांना ते हवं असे, नियोजनवाल्यांना हवं असे, तक्रारवाल्यांना तर दर घटकेला हवं असे. पूर्वी जो तो आपल्या टेबलावरून परस्पर विचारायचा. जुनी यंत्रं उत्तरं देता देता मेटाकुटीला यायची आणि लोकांचे फोन जोडायचे राहून जायचे. मग मध्ये काकांना बसवलं. ते दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक एक्स्चेंजला एकदाच विचारत. आलेला आकडा आणि त्याच्या शेजारी वेळ लिहीत. ज्याला जेवढं पाहायची मुभा, त्याला तेवढंच देत.

"काका, पाच नंबरचं आत्ताचं सांगा ना," दुरुस्तीचे साहेब फोनवर गयावया करत.

"सव्वादहाचं आहे. देऊ?"

"अहो, आत्ताचं हवंय!"

"आत्ता ते काम करतंय. तुम्हीही करा."

रविवारी मी त्यांच्या घरी जायचे. दोन खोल्या, खिडकीत काकूंची खुर्ची, खुर्चीशेजारी स्टुलावर फोन. काकू मोठ्या बोलक्या. चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याचं गाव विचारून घेत.

मग त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, श्वास जपून वापरा, कमी बोला. पण फोन थांबेनात. भाऊ, भावजय, मामेबहीण, वरच्या मजल्यावरच्या बाई. कसं वाटतंय? जेवलात का? झोप लागली? एक दिवस काका रजेवर घरी होते. त्यांनी मोजलं. तोच प्रश्न एकोणीस वेळा. एकोणिसाव्या उत्तराला काकूंचा श्वास अर्ध्यावर संपला.

दुसऱ्या दिवशी काकांनी रजा लांबवली आणि फोन बाहेरच्या खोलीत गेला. त्याच्याजवळ एक वही आली. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोनदाच काका काकूंना विचारत. श्वास, भूक, झोप. पुढे वेळ. फोन आला की वहीतून उत्तर. काकूंच्या धाकट्या बहिणीला सगळं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना नुसतं "बरी आहे."

"मी काय तुमचं एक्स्चेंज आहे?" काकू म्हणाल्या.

"छे. ते उलट बोलत नाही."

मी चाटच पडले होते. ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा काकूंचा खोकला कमी होता. वहीतले आकडे चांगले होते. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"धाकटीचा फोन होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो. सांगितलं तिला सगळं," काका म्हणाले.

"ती काय म्हणाली?"

काकांनी हातातल्या वहीचं पान उलटलं.

"मांजर व्यायली का तिची?"

"ते... विचारलं नाही."

काकू हळूहळू उठून बसल्या. "माझी खबर सगळे घेऊन जातात. मला कुणाची मिळत नाही. मला कुणी काही विचारतही नाही. एवढा श्वास वाचवलात, आता त्याचं करू काय? भिंतीशी बोलू?"

काका वहीकडे बघत राहिले. कुणी साहेब चिडला तरी न हलणारा माणूस. कान लाल झाले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

तेवढं बोलून त्यांनी स्टूल उचललं आणि फोनसकट पुन्हा खिडकीत ठेवलं.

नवा नियम असा. तब्येत वहीतून. पण रोज पाच वाजता एकाचा फोन थेट काकूंना, पंधरा मिनिटं. तब्येत सोडून काहीही बोलायचं. गुरुवार माझा. मी ऑफिसातल्या कुचाळक्या सांगायचे, साहेबांची नक्कल करायचे. काकू तीन-चार शब्दच बोलत, पण नेमके वर्मावर. काका त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसत.

असे आठ महिने काकूंना मिळाले. डॉक्टरांनी किती धरले होते, ते मी कधी विचारलं नाही.

आता आकडे गोळा करायचं काम एक प्रोग्राम करतो. काका निवृत्त झाले. गेल्या महिन्यात त्यांनी घर आवरायला काढलं. मला वही दिली.

"ठेव, कविराज. नव्या घरात जागा नाही."

मी तिथेच उघडली. आठची ओळ. सहाची ओळ. मध्ये काही असायचं कारण नव्हतं. पण होतं, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात.

"५:०७ हसली."

"५:१२ पुन्हा."

मी गुरुवार शोधले. एकही कोरा नव्हता.

"काका, तुम्ही तर स्वयंपाकघरात असायचात."

ते दोरीनं खोकं बांधत होते. वर पाहिलं नाही.

"हो. मी काही विचारत नव्हतो," ते म्हणाले. "नुसतं ऐकत होतो."