बुवांच्या काखेतला कोंबडा

आमचे हे माळकरी. आगरी घरात माळ आली की बाईचं काय होतं ते मला विचारा! बावीस वर्षं माझ्या शेगडीवर सुकट चढली नाही. शेजारून जवळ्याचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि हे आत बसून टाळ पुसायचे. नाव काशीराम, पण आमच्या करंजाडे गावात सगळे त्यांना बुवा म्हणतात, मग मीही बुवाच म्हणते.

दर चैत्रात पनवेलकडच्या पालख्या चालत एकवीरेला जातात. बुवा त्यांच्याबरोबर चालायचे. पालखी विसाव्याला थांबली की पाण्याच्या टेम्पोला टेकून उभे, गळ्यात छोटा स्पीकर, आणि झालं सुरू. लोक कोंबडे घेऊन नवस फेडायला निघालेले, आणि हा माणूस त्यांनाच सांगणार, "आई जीव देते, जीव मागत नाय. तुमी नाम घ्या." शिव्या खाल्ल्या. एकाने तर चप्पल फेकून मारली. बुवांनी ती उचलून त्याला नेऊन दिली, "घाल रं, ऊन हाय, पाय भाजतील." मला राग यायचा त्यांचा. पण बोलायला लागले की मीही हातातलं सोडून ऐकायची, खोटं कशाला बोलू?

ह्या चैत्रात आमच्या मितालीला कावीळ झाली. एकोणीस वर्षांची पोर, हसत हॉस्पिटलात गेली आणि चौथ्या दिवशी बेशुद्ध. लिव्हर काम करत नाही, डॉक्टर म्हणाले, पुढच्या दोन दिवसांत काय ते कळेल. मी तिथेच आयसीयूच्या दारात पदर पसरला आणि आईला कोंबड्याचा मान बोलले. मग बुवांसमोर उभी राहिले. "बावीस वर्षांत तुमच्याकडं काय मागितलं नाय. घाट चढून हा मान तुमच्या हातानं जायला पायजे."

मला वाटलं, आता मलाच प्रवचन देतील. त्यांनी काचेतून पोरीकडे बघितलं, गळ्यातली माळ काढली आणि माझ्या हातात ठेवली. तेव्हा मी खरी घाबरले.

आमच्या थोरल्या प्रणितला मितालीजवळ बसवून आम्ही सकाळी खोपोलीला पालखी गाठली. काय सांगू त्या घाटाचं! ज्यांना इतकी वर्षं अडवलं तेच सगळे पुढेमागे, आणि बुवांच्या काखेत लाल कोंबडा. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. "बुवा, आज नाम नाय का?" एक मेला म्हणाला. त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. बुवा मान खाली घालून चालत राहिले. मी मनात एकच घोकत होते, आई, पोर ठेव. बाकी सगळं घे, पोर ठेव.

खंडाळ्याच्या विसाव्यावर कमळाबाई समोर आली. जासईची ती. अकरा वर्षांपूर्वी ती अशीच कोंबडा घेऊन निघाली होती, तिचा गणू अंथरुणावर होता. बुवांचं ऐकून तिने कोंबडा वाटेतच सोडून दिला. महिन्याभरात गणू गेला. तरी बाई दर वर्षी यायची, बुवांच्या पुढ्यात बसायची, ऐकायची. आज ती नुसती कोंबड्याकडे बघत राहिली.

"बुवा, एकच सांगा. मान दिल्यानं पोर वाचतं का?"

ती काय विचारते आहे ते मला कळलं. हो म्हटलं तर गणूला तिनेच मारलं. नाही म्हटलं तर मग आम्ही इथे कशाला आलो होतो? मी बुवांचं मनगट घट्ट धरलं. अहो, बोलू नका. आज नका बोलू.

"नाय, कमळाबाय," बुवा म्हणाले. "नाय वाचत." आणि मटकन रस्त्यातच बसले, हमसून हमसून रडायला लागले.

मी कोंबडा त्यांच्या काखेतून ओढून घेतला. "तुमचं खरं तुमच्याजवळ ठेवा!" म्हणाले आणि एकटीच सुटले. पायात गोळे आले, चप्पल तुटली, थांबले नाही. कार्ल्याला डोंगराच्या पायथ्याशी मान द्यायला रांग होती. माझ्यापुढे चार बाया उरल्या होत्या तेव्हा प्रणितचा फोन आला. "आई, मिताली गेली."

कोंबडा माझ्या हातातून कधी सुटला, कुठे गेला, मला आठवत नाही.

तेराव्याला कमळाबाई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मला मागच्या दारी नेलं, दोन्ही हात धरले. "मनिषा, खरं सांग. पोर जायच्या आधी मान पोचला होता ना?"

ती अकरा वर्षं कशी झोपली असेल, देव जाणे.

"पोचला," मी म्हणाले. "माझ्या हातानं दिला. वेळेत दिला."

ती माझ्या गळ्यात पडली. "मग माझा गणू माझ्यामुळं नाय गेला," म्हणत लहान पोरीसारखी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बुवा दारात उभे होते. त्यांना खरं काय ते माहीत होतं. ते काही बोलले नाहीत.

आता रोज दुपारी भांडी घासताना माझ्या मनात येतं, चारच बाया होत्या पुढे. मला आधी जाऊ द्या गं, असं मी का नाही म्हटलं?