ताईचा व्हिसा

माझी नोकरी लोकांना परदेशी पाठवण्याची. लोअर परळच्या एका कंपनीत मी ट्रॅव्हल डेस्कवर आहे. साहेबांची तिकिटं, व्हिसा, हॉटेलं हे सगळं मी वीस-बावीस वर्षं बघतोय. मी स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणून ताईच्या डॉक्टरांनी जर्मनीचं नाव काढलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. चार महिने मी नुसता बघत उभा होतो. आता मला येणारं काम निघालं होतं.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ती नर्सिंग शिकत होती. बाबा गावी गेले ते तिकडेच राहिले. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. स्वतः केलं नाही. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ती सिस्टर होती. निवृत्त झाली आणि दोन वर्षांच्या आत डोळे पिवळे व्हायला लागले. पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला.

ज्यांच्या हाताखाली तिनं काम केलं होतं, तेच डॉक्टर तिला तपासत होते. ते म्हणाले, "सिस्टर, इथं करण्यासारखं होतं ते आपण केलं. जर्मनीत एका ठिकाणी नवीन औषध देऊन बघतायत. ते तुम्हाला घेतील का, माहीत नाही. घेतलं तरी गुण येईल असं मी म्हणणार नाही."

"जाण्याइतका वेळ आहे का सर?" ताईनं विचारलं.

डॉक्टर फाइल चाळत राहिले. मी मात्र त्याच खुर्चीत बसून फोनवर पासपोर्ट ऑफिसची जवळची तारीख शोधायला लागलो होतो.

पासपोर्ट तातडीनं काढला. रिपोर्ट इंग्रजीत नीट टाइप करून पाठवले. तिच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत घालून ठेवलेला असतो, तो तिकडच्या लोकांनी मागवला. कुरिअरचं पाकीट चिकटवताना ताई म्हणाली, "बघ, माझ्या आधी माझी गाठ विमानात बसली." माझी बायको तोंड फिरवून ओट्याकडे गेली. ताई हसत होती, म्हणून मीही हसलो.

तीन आठवड्यांनी मेल आला. घेतो म्हणाले. त्या दिवशी मी ऑफिसातून थेट तिच्याकडे गेलो, चाळीत पेढे वाटले. शेजारच्या वहिनींनी तिच्या पायांवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. माझी मुलगी रोज शाळेतून आत्याकडे जायची आणि फोनवरून तिला जर्मन शब्द शिकवायची. पाणी, उजवीकडे, धन्यवाद. दुखणं याला श्मेर्त्सन म्हणतात. ताई तो शब्द वॉर्डातल्या नव्या औषधाचं नाव पाठ करावं तसा पाठ करायची.

व्हिसाच्या फोटोसाठी तिला टॅक्सीनं दादरला नेलं. फोटोवाला पडद्यावर बघून म्हणाला, "मॅडम, डोळे जरा पांढरे करून देतो."

"नको, राहू दे," ताई म्हणाली. "आहे तशी जाऊ दे. त्यांना फसवून काय मिळणार?"

अडचण निराळ्याच ठिकाणी आली. व्हिसाच्या अर्जाला पुरावा जोडावा लागतो की माणूस काम झालं की परत येईल. साहेबांच्या बाबतीत हा पाच मिनिटांचा प्रश्न. नोकरी, घर, बायकामुलं लिहायची आणि झालं. ताईला नवरा नाही, मूल नाही, नोकरी संपलेली. भाऊ आहे, पण तो सोबतच निघालेला. मी फॉर्म घेऊन तिच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो. तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"म्हणजे त्यांच्या हिशेबी मी परत यावं असं इथं माझं काही नाहीच," ती म्हणाली.

मी खोलीच्या भाड्याची पावती जोडली, पेन्शनचे कागद जोडले. पुढे पत्रात लिहिलं, 'उपचार पूर्ण होताच माझी बहीण भारतात परत येईल, याची मी हमी देतो.' असली वाक्यं मी शेकडो वेळा टाइप केली असतील. या खेपेला सही करताना पेन अडलं.

व्हिसाची वाट बघत होतो त्या दिवसांत एकदा दुपारी मी तिची बॅग भरत होतो. थंडीचे कपडे बायकोच्या मैत्रिणीकडून मागून आणले होते. त्यातला एक जाड कोट ताईच्या अंगावर घालून बघितला तर ती आत कुठे हरवलीच. बाह्या दुमडत ती सहज म्हणाली, "ते तुमचे साहेब दुबईला वारले, तेव्हा सगळं तूच बघितलं होतंस ना रे? बॉडी आणायला काय काय लागतं?"

"ताई, काय बोलतेस!"

"अरे, विचारते नुसती. तू एकटा असशील तिकडे. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. मला माझं काही नाही, मला तुझंच वाटतं."

मला सगळं माहीत होतं. कोणता दाखला, कोणाची सही, किती दिवस. पण मी कोट तिथंच टाकला आणि जिना उतरून खाली गेलो. लहानपणी ती ओरडली की उतरायचो, तसाच. पुढचे दोन दिवस आम्ही कागदांशिवाय दुसरं काही बोललो नाही.

व्हिसा आला तेव्हा ताई रुग्णालयात होती. आदल्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला होता, पित्तासाठी आत बसवलेल्या नळीत जंतुसंसर्ग झाला होता. मी पासपोर्ट घेऊन धावत डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, तिकीट आठवडाभर पुढे ढकलतो, व्हीलचेअर सांगतो, सोबत नर्स घेतो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "सिस्टर विमानानं जाऊ शकणार नाहीत. आता नाही, आणि पुढेही नाही. त्यांना मी सकाळी सांगितलंय."

मी वॉर्डात गेलो. ताईनं पासपोर्ट मागून घेतला, व्हिसाचं पान उघडून बोटानं चाचपलं. "छान छापलाय," म्हणाली. तिचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता.

"तुला जायचं नव्हतं तर आधी का नाही बोललीस?" मी रागानंच विचारलं.

"तू इतका धावत होतास. थांबवलं असतं तर काय केलं असतंस रे तू?" मग पासपोर्ट मिटून म्हणाली, "आणि मलाही वाटत होतं. जमलं तर जमलं. मला काय मरायची हौस आहे?"

त्यानंतर ती पाच दिवस होती. मी रजा टाकून तिच्याजवळ बसलो. आईचा आवाज कसा होता, मी पहिल्यांदा शाळेत जाताना कुणाला चावलो, असलं काहीबाही ती सांगायची. मध्येच डोळा लागायचा. सहाव्या दिवशी दुपारी, ज्या वॉर्डात तिनं उभं आयुष्य काढलं तिथंच ती गेली. ज्या मुलीला तिनं सलाईन लावायला शिकवलं होतं, तिनंच तिचे डोळे मिटले.

जर्मनीच्या लोकांना मेल मीच केला. तिकिटं रद्द केली. कोट परत दिला.

तेराव्यानंतर खोली आवरायला गेलो तर शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही यायच्या वेळेला त्या रोज गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. मला सांगून ठेवायच्या, तो आला की दोन कप टाक, आज बसेल तो. तुम्ही आपले कागदांवर सह्या घेऊन उभ्याउभ्या जायचात."

सात आठवडे मी रोज तिच्याकडे गेलो होतो. 'चहा नको, घाई आहे' एवढंच मी म्हणायचो. वहिनींनी कप पुढे केला होता. मी तो घेतला आणि जमिनीवर बसलो. खुर्चीवर बसवेना.